उंबऱ्यात बसलेलं मीठ

एलेउतेरियो पहाटे चारला होडी लावतो
खडकाच्या आडोशाला, जिथे पॅसिफिक जरा नरम येतो.
दोन जिबिया. एक मेलेली,
दुसरी अजून रंग बदलतेय,
लाल, मग राखट, मग पुन्हा लाल,
काय म्हणायचंय ते तिचं ठरत नाहीये जणू.
जिवंत कामाला. मेलेली घरी, बटाट्यांबरोबर.
भावावरून आमची रोज हुज्जत,
आणि रोज तोच भाव.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर मिठाची साय धरते.
मी कात्रीच्या टोकाने
तिच्या अंगातून एक दोरा सोडवते,
शेवईएवढा, नितळ,
समुद्रातला बहुधा सर्वांत जाड मज्जातंतू.
चिमटा चुकला की संपला.
बावीस वर्षं झाली,
अजूनही या क्षणी मी श्वास घेत नाही.

डॉक्टर बाराओना बटण दाबतात.
पडद्यावरचा ठिपका उडी मारतो, खाली येतो,
पापणी लवायच्या कितीतरी आधी.
चढवतं ते सोडियम, धसमुसळं, आत घुसणारं.
उतरवतं पोटॅशियम,
जे आपलं आपण उठून
निमूट बाहेर पडतं.
ते जातं म्हणून तार पुढच्या निरोपाला मोकळी होते.
येणाऱ्याचा गाजावाजा.
जाणाऱ्याला कोण विचारतं?

मग मी आत सोडते
चार फांद्यांचं एक मीठ.
मोठं धूर्त आहे ते.
बंद दारावर डोकं आपटत नाही,
दार उघडायची वाट बघतं,
आणि उघडलं की
नेमकं उंबऱ्यात ठाण मांडतं.
पोटॅशियम मागे खोळंबलेलं,
हातात पिशव्या, अंगात कोट.
ठिपका वर जातो
आणि वरच राहतो.
सुळक्याचं पठार होतं.
डॉक्टर म्हणतात, सुंदर.
मी वहीत वेळ लिहिते.

फ्रिजमध्ये मेक्सिकोहून आलेली कुपी आहे,
विंचवाचं विष, चिमूटभरही नाही.
ते त्याच दाराला बाहेरून कडी घालतं.
त्या विंचवाने समुद्र पाहिला नसेल,
जिबियाने वाळवंट नाही.
तरी कडी बरोबर बसते.
या एका गोष्टीवर मला
कधीकधी रात्री झोप लागत नाही.

घरी आई. एर्मेलिंडा, एकोणसत्तर.
तिच्या तारांवरचं वेष्टण जागोजागी उसवलंय.
पायासाठी निघालेला निरोप
वाटेतच झिरपतो,
जसं फाटक्या नळीतलं पाणी वाफ्यापर्यंत पोचत नाही.
मार्चपासून नवी गोळी.
सकाळी एक, बारा तासांनी एक.
जास्त झाली तर झटके येतील,
डॉक्टरांनी दोनदा बजावलंय,
मी डबीला कुलूप लावते.

गोळी तेच करते जे मी दिवसभर करते:
पोटॅशियमला जरा थोपवून धरते,
म्हणजे दुबळा निरोप
थोडा अधिक वेळ उभा राहतो
आणि उसवलेली जागा ओलांडून जातो.
सगळ्यांचा नाही. काहींचाच.
बरं करत नाही, फक्त उशीर करते.

स्वयंपाकघराच्या टेबलापासून दारापर्यंत
फेब्रुवारीत एकोणीस सेकंद.
काल चौदा.
मी घड्याळ एप्रनखाली धरलं होतं,
तिला कळलंच.
"मोजतेस का मला? मी काय तुझी जिबिया?"

मी काही बोलले नाही.
झाकण काढलं, वाफ आली.
आज जरा जास्त शिजलीये, ती म्हणाली,
चामड्यासारखी,
आणि तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
उठून, स्वतःच्या हाताने,
भांड्याकडे जाताना भिंतीला
फक्त एकदा टेकून.